सासूबाईंच्या पणजीचं नाव

१ नोव्हेंबर, शनिवार. काम : सासूबाईंचा फ्रीज साफ करणं. एकट्या राहणाऱ्या पंच्याऐंशीच्या बाईचा फ्रीज कसा असतो ते ज्याने धुतलाय त्यालाच कळेल. वाटाण्याच्या सूपवर हिरवी लव आली होती. खालच्या कप्प्यात काकडीचं पाणी झालं होतं. मी हातमोजे घालून कामाला लागले होते, आणि तेवढ्यात नणंद तिच्या घरून, बेलव्ह्यूहून, भली मोठी फ्रेम घेऊन मुक्कामाला येऊन ठेपली.

फ्रेममध्ये वंशवृक्ष होता. माझ्या नवऱ्याच्या घरचे मूळचे क्यूबेकचे. सासूबाईंना त्यांच्या आजीने वाढवलं. ही आजी लग्नानंतर इथे मिनेसोटात आली आणि मरेपर्यंत फ्रेंचच बोलली. तिला जन्म देताना तिची आई गेली होती. घरात सावत्र आई आली आणि पहिलीचा विषय बंद झाला. आजीला स्वतःच्या आईचं नावदेखील ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरात चर्चमध्ये एक वही ठेवतात, तीत आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहायची आणि ती प्रार्थनेत वाचली जातात. आजी दर वर्षी त्या वहीसमोर उभी राहायची आणि काही न लिहिता परत यायची. सासूबाईंना मरण्याआधी ते नाव तिथे लिहायचं होतं. एवढीच इच्छा. हे काम त्यांनी मुलीला सांगितलं, आणि मुलगी वेळ लावतेय म्हणून मलाही.

मी त्यात बरेच महिने वाया घालवले. इथल्या सगळ्या कागदांवर आजीला नवऱ्याचं आडनाव. तेच घेऊन मी क्यूबेकच्या चर्चच्या नोंदी चाळत बसले. बाई म्हटली की नवऱ्याचं आडनाव, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांतात माझी आई आहे ती सासरी बदललेल्या नावाने, आणि तिची आई तर नाहीच. मीही लग्नानंतर नवऱ्याचं फ्रेंच आडनाव घेतलं, जे दातांच्या डॉक्टरकडे आजवर कुणाला धड उच्चारता आलेलं नाही. क्यूबेकचे पाद्री मात्र बाईला मरेपर्यंत तिच्या बापाच्या आडनावानेच लिहीत. हे कळल्यावर मी सासूबाईंच्या आजोबांचं लग्न शोधलं, तिथे नवरीचं आडनाव मिळालं, त्यावरून तिचा बाप्तिस्मा, आणि लगेच पुढच्याच नोंदीत तिच्या आईचा दफनविधी. नाव, आडनाव, नदीकाठचं गाव. नवरा शेतकरी. बर्फ वितळायच्या आत त्याने दुसरं लग्न केलेलं. शुक्रवारी रात्री ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला उठले.

नणंदेच्या फ्रेममध्ये या बाईच्या जागी डोक्यात पीस खोचलेल्या बाईचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'आदिवासी राजकन्या'. नणंदेलाही नवऱ्याच्या आडनावाने कुणी सापडलं नव्हतं. मग तिने इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसाच्या वंशवृक्षातून ही राजकन्या उचलली. "आता आम्ही पण इंडियन," ती मला म्हणाली. अमेरिकेतल्या आदिवासींनाही इंडियनच म्हणतात, आणि त्यावरचा विनोद मी या घरात लग्न झाल्यापासून ऐकतेय.

सासूबाईंनी चष्मा लावला. "हिचं नाव काय?"

"त्या लोकांची नावं कुणी लिहून ठेवत नसे, मॉम."

मी हातमोजे काढले आणि नाव सांगितलं. मग गाव सांगितलं. सासूबाईंनी ते नाव दोनदा पुटपुटून बघितलं, पहिल्यांदा इंग्रजी वळणाने, मग फ्रेंच.

नणंद मला हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे खरी गोष्ट बाहेर पडली. तिच्या लेकीने कॉलेजच्या अर्जात आदिवासी वंशाचा रकाना भरला होता, वर पणजीच्या आजीच्या दुःखावर निबंध लिहिला होता. सगळ्या चुलतभावंडांना राजकन्येची गोष्ट सांगून झाली होती, आणि तेच उद्या चर्चमध्ये येणार होते. तेव्हा प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, मी गप्प बसावं आणि मॉमने वहीत काही लिहू नये. पुढच्या वर्षी लिहिता येईल.

ज्या लोकांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नावावरची एक जागा हिला लेकीसाठी हवी होती, आणि त्यापायी बाळंतपणात मेलेली एक बाई पुन्हा एकदा पुसायची होती. पंच्याऐंशीव्या वर्षी पुढच्या वर्षीची हमी कोण देणार, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुझं काय जातंय? तुझी तर ती कुणीच नाही. आणि खरं सांगू, राजकन्या काढली तर उरतं काय? एका शेतकऱ्याची बायको."

आम्ही स्वयंपाकघरात परतलो तेव्हा सासूबाईंनी फ्रेम पालथी घालून तिच्यावर फ्रीजमधल्या बरण्या मांडल्या होत्या.

"माझे कान अजून शाबूत आहेत," त्या मुलीला म्हणाल्या. "आजी त्या वहीसमोर पेन धरून उभी राहायची. मी तिचा कोट धरून शेजारी असायची. तुझ्या राजकन्येने तिचं काय होणार होतं?"

नणंद वर निघून गेली आणि जेवायलाही आली नाही. खालचा कप्पा तसाच ठेवून मी घरी गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बहीण आहे, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन गेले तेव्हा सासूबाई कोट घालून दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. नणंदेच्या खोलीचं दार बंद होतं. चर्चमध्ये त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि वहीत नाव मी लिहिलं, बापाच्या आडनावासकट, मोठ्या अक्षरांत, वाचणाऱ्याला अडायला नको म्हणून. ते वाचलं गेलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन चुलतबहिणींनी वळून बघितलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. परत आल्यावर मी हातमोजे चढवले आणि खालचा कप्पा धुतला.