मालकीण राहायला आली

भांडुपच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात सगुणाबाई राहायला आल्या, तेव्हा पाचही भाडेकरू धास्तावले. घर त्यांचंच. नवरा हरेश्वर होडीवर जाऊन जाऊन हाडं झिजवायचा, आणि सगुणाबाई बाजारात मासळीची टोपली घेऊन बसायच्या. एकेक खोली करत खाली तीन, वर तीन असं घर उभं राहिलं. हरेश्वर देवाघरी गेला तसा मुलगा अल्पेश आईला मुलुंडला बाराव्या मजल्यावर घेऊन गेला, आणि घर खोली खोली करून भाड्याने लागलं. त्याला नऊ वर्षं झाली.

मुलुंडला काही वाईट होतं असं नाही. सून कल्पिता गुणाची, ताट हातात आणून द्यायची. पण आयतं आलेलं ताट निराळं आणि आपल्या चुलीवरून आपण वाढून घेतलेलं निराळं, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. बाराव्या मजल्यावरून खाडी दिसायची, तिचा वास मात्र यायचा नाही. दिवाळीत वरची एक खोली रिकामी झाली आणि सगुणाबाई म्हणाल्या, "मी जातंय माझ्या घरात."

अल्पेशच्या कपाटात घर पाडायला द्यायचा बिल्डरचा कागद येऊन पडला होता. आईची सही तेवढी राहिली होती.

"आये, कुणालाच नकोयस तू तिथं," तो म्हणाला. "मालकीण डोक्यावर येऊन बसली तर भाडेकरू टिकतात का?"

"टिकतील."

"नाही टिकले तर? महिन्याभरात एकानं जरी खोली सोडली ना, तरी मी तुला परत आणणार. मग त्या कागदावर गुमान सही करायची."

"करीन," सगुणाबाई म्हणाल्या. "नाय सोडली तर तो कागद फाडायचा."

गुरुवारी त्या आल्या. वरच्या खोलीत आधी एकवीरा आईची तसबीर मांडली, दिवा लावला, आणि लगेच खाली अंगणात उतरल्या. तुळशीचं लग्न सोमवारवर आलं होतं आणि अंगणातलं जुनं वृंदावन मोडून तिथे मोटारसायकली लागत होत्या. नवी तुळस लावायची तर जमीन उकरायला हवी, आणि धरणीमातेला न विचारता कुदळ घालायची नाही, ही सासूची शिकवण. त्यांनी कुदळीला हळदकुंकू वाहिलं, अगरबत्ती लावली, नारळ फोडला आणि पहिला घाव घातला.

समोरच्या खोलीतली सोनूबाई धुणं वाळत घालत होती. नारळ फुटलेला ऐकून ती वळली, हळदकुंकवाची कुदळ पाहिली, आणि तिच्या हातातली चादर गळून पडली.

"अवो, उठा!" ती आत नवऱ्यावर ओरडली. "भूमिपूजन चाललंय! घर पाडायला निघाली बाई!"

सोनूबाई आणि कुंडलिक जालन्याकडचे. कुंडलिक गवंडी. आधी घाटकोपरला राहायचे. तिथेही असाच नारळ फुटला होता, 'घाबरू नका' असं सांगितलं होतं, आणि आठव्या दिवशी डोक्यावरचे पत्रे उतरले होते. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती.

"सोनू, तुळशीसाठी खणतंय गं मी," सगुणाबाई म्हणाल्या.

"घाटकोपरला पण गणपतीसाठीच खणतोय म्हणाले होते," सोनूबाई फणकारली.

शेजारच्या खोलीतला रिक्षावाला किरण दारात येऊन हसला. "मावशी, झकास! आपली वाट लागली म्हणायची."

संध्याकाळपर्यंत कुंडलिकने अल्पेशला फोन करून टाकला, रविवारी खोली सोडतो म्हणून. अल्पेशचा आईला फोन आला. "काय बोललो होतो? एक दिवस नाही टिकलं. रविवारी टेम्पो घेऊन येतो."

सगुणाबाई तसबिरीपुढे बसल्या. मागणं काही मागितलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी पाठ फिरवलेली गिऱ्हाइकं परत वळवली होती. ताज्या मासळीला शपथा लागत नाहीत. माशाचा कल्ला उघडायचा, आतला लाल रंग दाखवायचा आणि गप्प बसायचं. त्या उठल्या आणि सोनूबाईचं दार वाजवलं.

आत बोचकी बांधणं चाललं होतं. सगुणाबाई उंबऱ्यातच बसल्या.

"खोटं नाय बोलणार. बिल्डरचा कागद हाय. माझ्या पोराच्या कपाटात हाय."

"बघा! मी म्हणत नव्हते?" सोनूबाई कडाडली.

"सही माझी लागते, ती मी केली नाय. पोराबरोबर पैज लागलीय. महिन्याभरात तुमच्यातला एक जरी गेला, तर मना मुलुंडला जावं लागल आणि सही करावी लागल. मग तुम्ही सगळेच जाल, घर पण जाईल. मी हितं हाय तोवर हे घर उभं हाय. आता बांधा बोचकी नायतर सोडा."

कुंडलिकने बायकोकडे पाहिलं. सोनूबाईने बांधलेल्या बोचक्याची गाठ चाचपली आणि एकदम नवऱ्यावरच उखडली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं फोन करायला? जरा दम धरवत नाही माणसाला!"

"तूच तर..." कुंडलिक म्हणाला, आणि शहाणा म्हणून विषय बदलला. मग सगुणाबाईंकडे वळला. "मावशी, ते वृंदावन मातीवर टिकायचं नाही. खाली पाया पाहिजे."

"मग घालून दे की."

"आम्ही तुळशीच्या पाया पडत नसतो हां," सोनूबाईने बजावलं. "आम्ही बुद्धाची माणसं."

"पडू नको. विटा सरळ लावल्या म्हणजे झालं."

रविवारी दहाला अल्पेश टेम्पो घेऊन आला. अंगणात पाऊल टाकतो तर मोटारसायकली भिंतीला सरकवलेल्या. मधोमध कंबरेइतकं वृंदावन उभं, कुंडलिक ओळंबा धरून त्याचा कोपरा तपासतोय आणि किरण पाण्याची बादली घेऊन पळतोय. सगुणाबाई पाटावर बसून ऊस सोलत होत्या. लग्नाचा मांडव त्याचाच व्हायचा होता.

"खोली खाली करणार होतात ना?" अल्पेशने कुंडलिकला विचारलं.

उत्तर सोनूबाईने दिलं, कमरेवर हात ठेवून.

"इथं कुठलीच खोली खाली नाही, शेठ. वर मावशी राहतात, खाली आम्ही राहतो. पुढच्या वर्षी येऊन विचारा, तेव्हाही नसणार."

किरणने शिट्टी मारली. अल्पेश आईकडे बघत राहिला. नऊ वर्षांत आई इतकी ताठ बसलेली त्याने पाहिली नव्हती. तो म्हणाला, "तो कागद घरी आहे, आये. उद्या लग्नाला येताना घेऊन येतो. तूच फाड."

"कल्पितेला पण आण," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि आता उभा काय राहिलायस? टेम्पो रिकामा आणलायस ना? जा, लादी घेऊन ये. वृंदावनाला पांढरी लादी लावायची हाय."