बग नंबर १४२: मित्र परत येत नाही

सकाळी साडेसातचा कॉन्फरन्स कॉल होता. टेबलाच्या मधोमध स्पीकरफोन आणि त्याच्याभोवती आम्ही तिघं: कंपनीचे मालक निमेषभाई, गोष्ट लिहिणारे गुप्तेकाका आणि टेस्टिंगची प्रमुख मी. फोनमधून अमेरिकेतल्या क्लायंट बाई माझीच यादी मला वाचून दाखवत होत्या.

"नंबर एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या. "चौथ्या लेव्हलनंतर मित्र परत येत नाही. हे फार सीरियस आहे."

निमेषभाईंनी आमचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून म्यूटचं बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून गुजरातीत विचारलं, "शुभदाबेन, आ शुं छे? मित्र पाछो केम नथी आवतो?"

"कारण तो मेलाय," गुप्तेकाका म्हणाले.

सुभानपुऱ्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. दोन हजार साल उजाडेपर्यंत आम्ही लोकांच्या जुन्या प्रोग्राममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करून दिली. साल उजाडलं, जग बुडालं नाही, आणि आमचं काम मात्र बुडालं. मग निमेषभाईंनी शाळकरी मुलांसाठी सीडीवरचे गेम करायचं काम आणलं. जगातल्या जुन्या गोष्टींची मालिका होती आणि पहिली गोष्ट मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली.

ती लिहायला गुप्तेकाका आले. वय पंचावन्न-छप्पन्न. आजोबा इथल्या जुन्या मराठी संस्थानाच्या दफ्तरात कारकून, काका स्वतः शाळेत इतिहास शिकवून लवकर निवृत्त झालेले. वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर होते. ऑफिसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दुपारचा डबा एकत्र व्हायचा.

पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी आम्हाला गोष्ट सांगितली. मातीच्या ओल्या पाट्यांवर बोरूने टोचून लिहिलेली, हजारो वर्षांपूर्वीची. एक माजलेला राजा. त्याची खोड मोडायला देव एक रानटी माणूस घडवतात. दोघं कुस्ती खेळतात, कुणी हरत नाही, आणि जिवाभावाचे मित्र होतात. मिळून राक्षस मारतात. देव चिडतात आणि मित्र आजारी पडून मरतो. राजा कितीतरी दिवस प्रेत सोडत नाही. मग मरण टाळायचा उपाय शोधत एकटा पृथ्वी पालथी घालतो. महापुरातून वाचलेला एक म्हातारा त्याला भेटतो, एक वनस्पती हाती लागते, तीही साप खाऊन टाकतो. राजा रिकाम्या हाताने घरी येतो. संपली गोष्ट.

"आपले हिंदी सिनेमे बघा," काका म्हणाले होते. "दोन दोस्त, एक मरतो, दुसरा शहाणा होतो. तो पहिला मरणारा दोस्त हा." परदेशात त्या राजावर चित्रं निघाली, नाटकं झाली, कॉमिक्स आली, आता गेमही येताहेत, असंही त्यांनी सांगितलं. पुराची गोष्ट तर किती देशांत, किती धर्मांत फिरली म्हणाले. खरं किती आणि काकांच्या पदरचं किती, मी तपासलं नाही. पण ती मीटिंग संपल्यावर अर्धा तास कुणी जागेवरून उठलं नव्हतं.

टेस्टिंग म्हणजे काय ते सांगते. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. खोटेला बग म्हणतात. प्रत्येक बगाचा एक फॉर्म भरायचा. काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि खोट किती गंभीर आहे, असे तीन रकाने. ही यादी दर शुक्रवारी क्लायंटला जायची. यादी जाड असली की टेस्टिंगवाले काम करताहेत असं दिसायचं.

त्या शुक्रवारी यादी बारीक होती. पुढच्या आठवड्यात पगारवाढ ठरवणारं अप्रेझल होतं. मी ती फुगवली. गेममध्ये मेलेलं पात्र परत येतं, हा नियम. खेळणाऱ्याला तीन आयुष्यं असतातच. त्या नियमाने मी लिहिलं: मित्र परत यायला हवा होता, प्रत्यक्षात येत नाही. गांभीर्य, पहिल्या दर्जाचं. काका माझ्यापासून दहा पावलांवर बसायचे. त्यांना विचारायला मी उठले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

तर आता कॉल. निमेषभाईंनी म्यूट काढलं आणि काका फोनकडे वाकून शाळामास्तरी इंग्रजीत समजावू लागले. मित्र मेलाच नाही तर राजा पुढे चालतो कशाला? पुढच्या चारही लेव्हल त्या मरणामुळेच घडतात.

"समजलं," बाई म्हणाल्या. "पण देवांना त्याला परत पाठवता नाही का येणार?"

"मॅडम, इतक्या हजार वर्षांत कुणी त्याला परत आणलेलं नाही."

"मग आपण पहिले!" बाई खरोखर आनंदाने म्हणाल्या.

निमेषभाईंनी पुन्हा म्यूट दाबलं. काका माझ्याकडे वळले. "शुभदा, अगं तू सांग ना त्यांना. हा बग नाही म्हणून."

आमच्या यादीत प्रत्येक बगापुढे त्याची स्थिती लिहायची सोय होती. त्यात एक शब्द होता, 'ॲज डिझाइन्ड'. म्हणजे ही खोट नाही, मुद्दाम असंच केलंय. तो शब्द लावायचा अधिकार ऑफिसात एकटीला होता, मला. तो लावला असता तर निमेषभाईंना क्लायंटशी वाद घालावा लागला असता, आणि एवढी ढोबळ चूक यादीत गेलीच कशी हे मला सांगावं लागलं असतं.

"काका, क्लायंटने एकदा ॲक्सेप्ट केला की मला नाही बदलता येत," मी म्हणाले.

येत होतं. काकांना ते माहीत नव्हतं. निमेषभाईंना चांगलं माहीत होतं. ते पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले.

कॉल 'नो प्रॉब्लेम मॅडम'वर संपला. निमेषभाई उठता उठता म्हणाले, "बस, एने जीवतो करी दो. केटला दिवस?" दाराशी बोलावलेल्या प्रोग्रामरने दोन दिवस सांगितले.

काकांनी नवा प्रसंग लिहायला नकार दिला. आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "हे मी नाही लिहिणार."

"गुप्तेसाहेब, छोकरां रडशे," निमेषभाई म्हणाले. "मा-बाप सीडी पाछी आपशे."

"रडू देत की. त्यासाठीच तर ती सांगायची."

निमेषभाई वाईट माणूस नव्हते. चौदा माणसांचा संसार त्या मजल्यावर चालत होता आणि क्लायंट एकच होता. पण महिनाअखेरीला काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते पुन्हा झालं नाही. त्यांनी ड्रॉवर रिकामा केला, शब्दकोश आणि थर्मास पिशवीत घातला. मला म्हणाले, "येतो गं." निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

नवा प्रसंग मग मीच लिहिला. चार वाक्यांचा. आकाशातून उजेड येतो, घंटा वाजतात, मित्र डोळे चोळत उठून बसतो. मला लाज वाटली, आणि तरी मी लिहिला.

पुढच्या चार लेव्हलना मात्र कुणी हात लावला नाही. त्यांचे आवाज रेकॉर्ड करून झाले होते. नवं बिल्ड, म्हणजे दुरुस्त केलेला गेम, आलं आणि मी खेळायला बसले. पाचव्या लेव्हलमध्ये राजा वाळवंटातून चाललाय, छाती पिटून रडतोय, मित्रा मला सोडून कुठे गेलास म्हणून हाका मारतोय. आणि मित्र त्याच्या शेजारून चाललाय. वाटेतले दगड उचलतोय, सिंह हाकलतोय.

मी बग लिहिला, नंबर दोनशे सात: राजा ज्याच्यासाठी रडतो तो शेजारीच उभा आहे. आयुष्यात लिहिलेला माझा सगळ्यात खरा बग.

निमेषभाईंनी तो वाचला आणि डोकं खाजवलं. "सुंदर पकडा है," ते हिंदीत म्हणाले. कौतुक करायचं असलं की ते हिंदीत शिरायचे. "पण आने लो करो. नेक्स्ट व्हर्जनमां जोईशुं."

पुढची आवृत्ती निघणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. मी गांभीर्य चौथ्या दर्जाचं केलं आणि साइन-ऑफवर सही केली. साइन-ऑफ म्हणजे टेस्टिंगवाल्याने दिलेली हमी, की माल पाठवायला हरकत नाही. क्लायंट खूश झाला. ऑफिसात पेढे आणि लीलो चेवडो आला. सीडीच्या शेवटी नावं झळकतात त्यात गोष्टीपुढे 'इन-हाउस टीम' असं होतं. माझं नाव क्वालिटीखाली ठसठशीत होतं. अप्रेझलही चांगलं झालं.

तीनेक महिन्यांनी मी एक सीडी घेऊन फतेगंजला काकांच्या घरी गेले. कशासाठी, ते आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी मला झापावं म्हणून. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांनी सीडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "तूच सांग काय झालं पुढे."

मी सगळं सांगितलं. उजेड, घंटा, दोनशे सात. 'ॲज डिझाइन्ड' मला लावता येत होतं, तेही सांगितलं. शेजारी चालणाऱ्या मित्रापाशी आल्यावर काका हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत बसले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "माझी चौथी लेव्हल तू पहिल्यांदा खेळलीस तेव्हा तुला काय झालं होतं?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "रडले होते काका. बाथरूममध्ये जाऊन."

"मग ते का नाही लिहिलंस? प्रत्यक्षात काय झालं, असा रकाना होता ना तुमच्यात?"

त्यांनी चहा दिला, मी प्याले आणि निघाले. त्यानंतर मी आणखी बावीस वर्षं टेस्टिंग केलं, बँकांचं, विम्याचं, हॉस्पिटलांचं. हाताखालच्या मुलींना पहिल्या दिवशी एकच सांगायचे: बग लिहिण्याआधी ज्याने ते केलंय त्याच्या टेबलापर्यंत चालत जा. बहुतेक जणी ईमेल करायच्या.