फियास्को म्हणजे बाटली

फुंकणीमास्तरांचा राग अख्ख्या कारखान्याला पाठ होता. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याची एक शेड, मधोमध भट्टी, भिंतीला टेकवलेल्या लोखंडी फुंकण्या आणि दाराशी फुटक्या काचांचं पिंप. फुंकणीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची, फुंकर मारायची आणि फिरवत राहायचं. हात जरा थांबला की काच एका अंगाला ओघळलीच म्हणून समजा. ओघळली की मास्तर एकच शब्द टाकायचे, "फियास्को." मग वस्तू कुणाचीही असो, ती पिंपात. हा शब्द त्यांनी जुन्या मालकाच्या तोंडून उचलला होता. फजिती, सत्यानाश, असलं काहीतरी असणार, एवढंच त्यांना ठाऊक. तेवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर माणसांना धारेवर धरलं.

कारागिरांशी कडक वागा हो, कोण नको म्हणतंय. पण पोटच्या लेकीशीही तेच? ती शाळा सुटली की घरी न जाता भट्टीपाशी यायची. हात असा हलका की जुने कारागीरही मान डोलवायचे. एकदा तिनं आईसाठी फुलदाणी करायला घेतली. उंच निमुळता गळा, सगळं कसं जमून आलं होतं. शेवटी पोट तेवढं एका बाजूला कललं. ती काही बोलायच्या आत मास्तरांनी तिच्या हातून फुंकणी घेतली, "फियास्को" म्हणाले आणि पिंपाच्या काठावर ठोकली. पोर रडली नाही. हात पुसले आणि घरी निघून गेली. पुढे बँकेत लागली, लग्न झालं, माहेरी येत-जात राहिली, पण शेडमध्ये म्हणून पाऊल टाकलं नाही. मास्तर लोकांना सांगायचे, "तिला या कामाची गोडीच नव्हती." शुद्ध थाप. आणि ती थाप आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

यंदा मास्तरांच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी फुंकर मारायला साफ मनाई केली. जुने कारागीर एकेक करून पांगलेले, चालवणारं दुसरं कोणी नाही, म्हणून भट्टी विझवायची ठरली. आवराआवरीला लेक-जावई आले. जावई कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. जेवताना मास्तर म्हणाले, "झाला आमच्या धंद्याचा फियास्को."

जावई हसला. "बाबा, इंग्रजीत हा शब्द इटलीहून आला. तिकडे फियास्को म्हणजे साधी बाटली. नाटक पडलं की तिथले नाटकवाले म्हणायचे, बाटली केली. आता बाटलीच का, ते खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र सांगतात. तिथल्या काचवाल्यांचं नाजूक भांडं बिघडलं की ते फेकायचे नाहीत, त्याचीच बाटली करून टाकायचे. खरं-खोटं देव जाणे."

मास्तरांचा घास हातातच राहिला. लेक खाली मान घालून जेवत होती. त्या फुलदाणीचं फक्त पोट कललं होतं. पुन्हा तापवून गळा आखूड केला असता तर बाटली झाली असती, चांगली घरात वापरायची बाटली. तेव्हा हे सुचलं नव्हतं असंही नाही, आणि तेच त्यांना सलत होतं. चूक वाचवली की हात सैल पडतो, असं धरून बसले होते. मास्तरांना रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी ते लेकीला शेडमध्ये घेऊन गेले. "विझवायच्या आधी एक काढ."

"बाबा, माझा हात गेला आता."

"काढ गं. माझ्यासाठी."

तिनं फुंकणी उचलली. काच घेतली, फुंकर मारली आणि काय सांगू, हात जणू कालच थांबला होता. मास्तर खुर्चीत पुढे सरकून बसले. ही राहील, भट्टी राहील, असलं काहीबाही त्यांच्या मनात येऊ लागलं. गळा उतरला. पोट फुगलं. आणि हात जरा अडखळला तशी काच एका अंगाला ओघळली.

"बाटली कर" म्हणायला मास्तर ताडकन उठले. तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. लेकीनं त्यांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं.

"माहीत आहे, बाबा," ती शांतपणे म्हणाली आणि तिनं स्वतःच फुंकणी पिंपाच्या काठावर ठोकली.