रविवारी बंदूक नको

विभा पहिल्यांदा माझ्या दारात आली ती कचऱ्याची पिशवी घेऊन. २००४ सालचा एप्रिल असेल. टोकियोत, आमच्या निशी-कसाईत येऊन तिला चार दिवस झाले होते. जळणाऱ्या कचऱ्यात तिने लोणच्याची काचेची बाटली टाकली, म्हणून इमारत सांभाळणाऱ्या आजोबांनी ती पिशवी तिच्याच दाराशी परत आणून ठेवली होती. बाई ढसाढसा रडत होती. मी म्हटलं, "अगं वेडे, कचरा परत आला म्हणून कोणी रडतं का? माझा पहिल्या वर्षी आठ वेळा परत आला होता." खरं म्हणजे दोनदाच आला होता, पण तिला हसू आलं.

महिन्याभरात तिने कचऱ्याचं अख्खं वेळापत्रक मराठीत लिहून काढलं आणि इमारतीतल्या सातही देशी घरांत वाटलं. विभा अशीच होती. आधी रडायची, मग डोळे पुसून त्या गोष्टीच्या अशी मागे लागायची की काम झाल्याशिवाय सोडायची नाही. आता ती चिंचवडला माहेरी असते. तिचा नंबर माझ्याकडे आहे, पण मी लावत नाही. का लावत नाही तेच सांगायला बसले आहे.

मी लता. नवऱ्याबरोबर अठ्ठ्याण्णव साली इथे आले तेव्हा भाजीवाल्यापुढे हातवारे करायचे. चिडून चिडून जपानी शिकले आणि आता एका दवाखान्यात दुभाष्याचं काम करते. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई म्हणायची, सासू म्हणायची आणि विभाचा नवरा चारुदत्त तर तोंडावर म्हणायचा. "लताताई, तुमची ही जीभ विमानतळावर कस्टमवाल्यांनी सोडली कशी?" मी म्हणायचे, "तुझ्यासारख्या बावळटांना सरळ करायला." आमचं असंच चालायचं. त्याच्याशी भांडल्याशिवाय माझा रविवार पुरा व्हायचा नाही.

रविवारच म्हणायचं, कारण बाकी सहा दिवस तो माणूस दिसायचाच नाही. कंत्राटावरचं काम, शनिवारीही ऑफिस, रोज शेवटच्या नाहीतर त्याच्या आधीच्या गाडीने घरी. रविवार उजाडला की पाठीला पिशवी लावून डोंगरात. पुण्याचा ट्रेकवाला तो, सपाटीवर त्याला चैन पडायचं नाही. विभा थालीपीठं बांधून द्यायची, कधी आम्हीही जायचो.

त्याच्या ऑफिसातल्या ओकादा-सानची आई चिबाच्या डोंगराळ भागात एकटी राहायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कंबरेत वाकलेली, आणि संत्र्यांची बाग एकटी सांभाळणारी. दोन गाड्या बदलून पुढे बसने जावं लागायचं. चारुदत्तला तिने जवळजवळ दत्तकच घेतलं होतं. तिची एकच तक्रार असायची, रानडुकरांची. रात्रीतून येतात, झाडं मुळापासून उकरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावातले शिकारी वर डोंगरात जायचे आणि तेही रविवारीच, कारण त्यांनाही रविवारचीच सुट्टी. म्हणून थंडीत रविवारी कोणी आलं की म्हातारी फाटकातच एकेक भडक केशरी जाकीट हातात द्यायची. हे अंगावर असू द्या, म्हणजे लांबून माणूस आहे हे कळतं.

२००७ साली संक्रांत रविवारी आली. विभाची ओवी आठ महिन्यांची झाली होती, तिचं बोरन्हाण करायचं होतं. टोकियोत बोरं कुठून आणायची? चारुदत्त म्हणाला, ओकादा-सानच्या बागेत किनकान आहेत, बोराएवढी संत्री, सालासकट खायची. तिथेच बोरन्हाण करू! विभाने पुण्याहून हलव्याचे दागिने मागवलेले, ओवीला काळं झबलं, स्वतः काळी साडी. चारुदत्तला तिने नवा काळा स्वेटर घेतला होता. "आज वर्षाचा सण आहे, आज तुझे ते मळके ट्रेकचे कपडे नकोत," असं सकाळी तिने त्याला माझ्यासमोर सांगितलं.

बोरन्हाण झकास झालं. ओवीच्या डोक्यावरून किनकान ओतले, म्हातारी टाळ्या वाजवत होती. मग ओवी रडायला लागली म्हणून विभा तिला पाजायला आत गेली, म्हातारी चहा टाकायला गेली. अंगणात मी आणि चारुदत्त. मी फोटो काढत होते. बाकी सगळं काळंभोर छान, आणि त्यावर ते केशरी जाकीट. मी म्हटलं, "अरे, संक्रांतीच्या फोटोत म्युनिसिपालटीचा माणूस दिसतोयस! काढ ते ध्यान."

तो हसला. "जीभ बघा जीभ. आज तरी तिळगूळ खाऊन गोड बोला." आणि त्याने जाकीट काढून माझ्याकडे फेकलं.

मी दोन फोटो काढले, जाकीट माझ्या पिशवीत कोंबलं. तो म्हणाला, वरच्या टप्प्यावर आणखी किनकान आहेत, बिल्डिंगमधल्या पोरांना नेऊ. बांबूंच्या कडेने वर गेला. मी बघत होते त्याच्याकडे. हे जाकीट घे परत, घाल, एवढंच म्हणायचं होतं हो. मी कॅमेऱ्यात फोटो कसा आलाय ते बघत बसले.

एकच आवाज आला.

खाली पडलेले किनकान वेचायला तो वाकला होता. बांबूंच्या पलीकडून नागाई नावाच्या सुताराला काळं, बुटकं, हलणारं काहीतरी दिसलं. तीस वर्षं शिकार केलेला माणूस. तो धावत खाली आला, गुडघ्यांवर पडला आणि जमिनीवर डोकं आपटायला लागला. विभा ओवीला घेऊन दारात उभी होती. तो काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं. तिने मला विचारलं, "ताई, काय म्हणतोय तो?" आणि मीच तिला सांगितलं.

पोलिसांनी विचारलं, याने जाकीट का काढलं होतं? मी म्हटलं, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. पुढे सांगू, तेराव्यानंतर सांगू, विभा जरा सावरली की सांगू. कसलं काय! एकदा खोटं बोलून बसलं की रोज नव्याने बोलावं लागतं. फटकळ म्हणवणारी मी, त्या एका गोष्टीला माझी जीभ पावणेदोन वर्षं टाळ्याला चिकटून बसली.

विभाने सगळा दोष स्वतःवर घेतला. "मीच काळा स्वेटर दिला. मीच म्हटलं ते मळके कपडे नकोत. माझं मन राखायला काढलं असेल त्याने जाकीट." हे ती जेवताना म्हणायची, ओवीला झोपवताना म्हणायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. माझा हात कसा जळून गेला नाही, देव जाणे.

ती तेव्हा भारतात परत गेली नाही. पूर्वी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची, तेच इथे मिळवलं. आणि मग तिने तो अर्ज काढला. त्या गावात रविवारी शिकार बंद व्हावी, एवढंच मागणं. वर मोठ्या अक्षरांत, रविवारी बंदूक नको. निशी-कसाईतलं एकही देशी घर तिने सोडलं नाही. शेजारच्या कोतो भागात जाऊन भारतीय शाळेच्या दाराशी उभी राहिली. "ताई, रविवार बंद झाला ना, की चारूचं जाणं अगदीच फुकट गेलं नाही असं तरी म्हणता येईल मला. नाहीतर मग मी काय केलं? स्वेटर दिला आणि मारलं, एवढंच." जपानीतला अर्ज मी लिहून दिला. माझ्याच हाताने.

२००८ च्या ऑक्टोबरात, शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी, गावाने बैठक बोलावली. अर्थात रविवारीच. गावच्या हॉलमध्ये पन्नासएक माणसं, बहुतेक म्हातारी. ओवी माझ्या मांडीवर, विभा शेजारी, आणि तिचं बोलणं जपानीत सांगायला मी.

शिकाऱ्यांचा म्होरक्या मियाता-सान म्हणून होता, बस चालवायचा. तो उठून म्हणाला, "आम्ही अकरा जण आहोत. कोणी सुतार, कोणी पोस्टात, कोणी माझ्यासारखा. रविवार काढून घेतलात तर आम्ही जायचं कधी? दोन वर्षांत डोंगर डुकरांचा होईल, आणि या सगळ्यांच्या बागा जातील."

विभा उठली. आवाज कापत होता पण थांबली नाही. "माझ्या नवऱ्यालाही रविवारच होता," ती म्हणाली. "तुम्ही सहा दिवस राबता, तोही राबायचा. माणसं डोंगरात येणार ती रविवारीच. मग बंदूक त्याच दिवशी कशाला? शनिवारी अर्धा दिवस मागून घ्या. मी तुमच्या मालकांना भेटेन, हात जोडेन, पण रविवार सोडा."

मी जपानीत सांगितलं तसे बायका डोळे पुसायला लागल्या. नागाई मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्या क्षणी हात वर करायला सांगितलं असतं तर निम्म्याहून जास्त वर गेले असते. माझी खात्री आहे.

तेवढ्यात मियाता-सान परत उठला. आधी कंबरेत वाकला. "विचारायला जड जातंय. पण त्यांना जाकीट दिलेलं होतं. ते अंगावर असतं तर नागाईने गोळी झाडलीच नसती. मग दोष रविवारचा की जाकिटाचा? ते काढलं का, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

मी विभाला मराठीत सांगितलं. ती पांढरी पडली. मग हळूच म्हणाली, "सांग त्यांना. माझ्यामुळे काढलं. मीच काळं घालायला लावलं. सांग ना ताई, खोटं कशाला बोलायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माहीत नाही म्हटलं असतं तर विभा जिंकली असती. एकदा म्हटलंच होतं, जमलंही होतं. पण त्या पोरीने सगळ्यांसमोर खुनाचा आळ स्वतःवर घ्यायचा, आणि तो मी माझ्या तोंडाने जपानीत सांगायचा? नाही जमलं मला.

मी उठून उभी राहिले. आधी जपानीत सांगितलं, मग तिच्याकडे वळून मराठीत. "विभा, तू नाही. मी. फोटोसाठी मीच काढायला लावलं. तू आत होतीस. म्युनिसिपालटीचा माणूस दिसतोस म्हटलं, आणि त्याने काढलं."

विभा माझ्याकडे बघत राहिली, हळूहळू खाली बसली.

मग त्यांनी मतं घेतली. आता सगळ्यांना रस्ता सापडला होता. रविवारचा दोष नाही, जाकिटाचा आहे. पाहुण्यांनी जाकीट काढायचं नाही असा कडक नियम करायचा आणि शिकार चालू ठेवायची. शेवटचा हात ओकादा म्हातारीचा वर गेला. तिला बाग जगवायची होती, आणि ती रडत होती. मी तिला काय म्हणणार?

बस यायला वीस मिनिटं होती. थांब्यावर आम्ही तिघीच. ओवी माझ्या कडेवर, माझं मंगळसूत्र ओढत.

विभा म्हणाली, "मी विचारायचे ना तुला, ताई? त्याने काढलं का असेल गं? किती वेळा विचारलं. तू काय म्हणायचीस?"

मी ओवीच्या मुठीतून मंगळसूत्र सोडवायला लागले.

"सांग ना, काय म्हणायचीस?"

"उकडलं असेल म्हणायचे."

"जानेवारीत," विभा म्हणाली.

"विभा, मी तुझ्या पाया पडते गं..."

"नको." ती ओरडली नाही, तेच वाईट. "त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, आणि मग तुझ्याच गळ्यात पडून रडले असते. दुसरं होतं कोण मला इथे? मी रोज रात्री स्वतःला खात होते ताई, आणि तू समोरच्या दारात राहत होतीस. आमटी आणून देत होतीस."

बस आली. तिने ओवीला माझ्या कडेवरून घेतलं आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, पण माझं धाडस झालं नाही. मी शेवटच्या बाकावर बसले. ओवी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून दोन्ही हात पुढे करत होती, "ताता, ताता" अशा मला हाका मारत होती. विभाने तिचं डोकं धरून हलकेच पुढे वळवलं.