फेकायचा हात

शेलूबाजारच्या आमच्या शाळेच्या भिंतीवर गेल्या महिन्यात दादांचं चित्र लागलं. बेसबॉलच्या राज्य संघात खेळलेले ते आमच्या भागातले पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. सकाळी भाजीची वाडी, संध्याकाळी मैदान. पन्नाशीत वारले तोवर हाच त्यांचा दिवस. मला झेलायला त्यांनी शिकवलं आणि कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच हातात दिला. आमच्या घरात तोवर दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. म्हणून भाषणाला बोलावलं तेव्हा मी आनंदानं गेलो.

पडदा सरकला. चित्रातल्या दादांच्या उजव्या हातात चेंडू होता.

दादा डावखुरे होते. शाळेत ग्लोव्ह नऊच. इनिंग संपली की आम्ही ते आपापल्या जागी गवतात ठेवून यायचो, समोरच्या संघानं तेच घालायचे. सगळे उजव्यांसाठी, म्हणजे डाव्या हातात घालायला शिवलेले. दादा त्यातलाच एक उजव्या हातात उलटा, करंगळीच्या जागी अंगठा खुपसून वापरायचे, आणि तरी त्यांचा चेंडू सहसा कोणाच्या बॅटला लागायचा नाही.

मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "पेंटरनं फोटो पाहून डावाच काढला होता. मीच म्हटलं, बदलव. आता हार घालाचा, अगरबत्ती लावाची, डावा हात समोर बरा दिसते काय? आन् कोणाच्या ध्यानात येते, सर?"

याच शाळेत त्या हातावर छड्या पडल्या होत्या. घरी जेवताना आई तो फडक्यानं बांधायची. दादा उजव्यानं लिहायला शिकले, जेवायलाही. मग खेळाच्या तासालाही गुरुजींनी टोकलं तेव्हा ते म्हणाले, "लिहाचा हात तुमी नेला गुरुजी, जेवाचा मायनं नेला. हा फेकाचा माह्या हाय." आम्हाला हे ते हसत सांगायचे. मला कधी हसू आलं नाही.

पहिल्या रांगेत दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बसल्या होत्या. चित्राकडे पाहत मला म्हणाल्या, "भाऊ, हे कोण हाय?"

लिहून नेलेलं भाषण मी वाचलं नाही. दादांचं ते उत्तर तेवढं माइकवर सांगितलं आणि म्हणालो, जिवंतपणी जो फेकायचा हात कोणाला नेता आला नाही, तो आज भिंतीवर तोडलात. शाल घेतली नाही. आधी हात नीट करा, मग बोलवा, म्हटलं.

मुख्याध्यापकांनी बाजारातून आणलेला हार चित्राला घातला. टाळ्या झाल्या. वहिनींनी वाडीतल्या झेंडूचा हार करून आणला होता. तो त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. माझ्याआधी वहिनीच फाटकाबाहेर पडल्या.