पुढच्या स्टॉपवरची माणसं

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुकलेलं सांभाळून घ्यावं. मेश्रामबाईंबद्दल तोंडाने सांगायला गेले की अर्धं राहून जातं, म्हणून लिहिते.

बाई एसटीत कंडक्टर होत्या. रिटायर झाल्या तरी जिभेने ‘टण टण’ केल्याशिवाय त्या पाऊल उचलत नाहीत. श्रावण-भादव्यात दर रविवारी आमच्या कोराडीच्या कॉलनीतल्या बायांना घेऊन त्या वनखात्याच्या टेकडीवर रानफुलं बघायला जातात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटेत चिखल होता आणि पायात साधी चप्पल. मी बाजूच्या गवतातून चालू लागले. मागून आवाज आला, “काहून वं, गाडी वावरात घालतेस काय?” सगळ्या हसल्या. खाली पाहिलं तर चपलेखाली तेरड्याची गुलाबी फुलं चिरडली होती. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “चिखलातूनच चालायचं. तू बाजूनं गेली की उद्या दुसरी तुझ्याही बाजूनं जाते. वाट वाढते अन् फुलं सरतात.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॅनव्हासचे बूट आणून दिले. मी नको म्हटलं. “फुकट नाही देऊन राहिली. जमन तसे पैसे दे.”

कोणी फुलाला हात लावला की म्हणायच्या, “खिडकीतून रुमाल टाकून जागा धरनं इथं चालत नाही. पुढच्या स्टॉपवर माणसं उभी आहेत, त्यायलेही जागा ठेव.”

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी पूजेसाठी काही बाया पिशव्या भरभरून तेरडा मुळासकट उपटून नेऊ लागल्या. वनरक्षकाने फाटकापाशी बजावलं, “पुन्हा दिसलं तर टेकडी सगळ्यांना बंद.” आठवडाभर मी लोकांच्या घरी पोळ्या लाटते. मोकळा श्वास घ्यायला मला तेवढीच एक जागा. आणि नेमक्या पुढच्या रविवारी बाई गुडघ्याच्या ऑपरेशनला धंतोलीच्या दवाखान्यात.

आम्ही वर पोचलो तर तिघी जणी तेरड्यात बसून उपटत होत्या. मी पुढे झाले. मग बाईंचंच वाक्य तोंडातून निघालं, “ताई, पुढच्या स्टॉपवर माणसं उभी आहेत.”

“कोणता स्टॉप वं? इथं बस येते काय?” एकीने टोमणा मारला.

“पुढच्या वर्षी येणारे,” मी म्हटलं. “बी पडायच्या आधी उपटलं तर त्यायले काय दिसन? अन् फाटक बंद झालं तर तुम्हीही बाहेर, मीही बाहेर.”

तिने उठून साडी झटकली. “चाला वं, बजारातून घेऊ. ही कंडक्टरीन काही चढू देत नाही.”

दवाखान्यात हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, “हसवू नको, पाय हलला की टाके दुखतात.”

फाटक उघडंच राहिलं. या भादव्यात बाई काठी टेकत आल्या आणि चिखलाच्या मधूनच चालल्या. दोन्ही कडांना तेरडा गुडघ्याएवढा झाला होता. चढायच्या आधी मी बुटांचे राहिलेले ऐंशी रुपये म्हणून शंभराची नोट दिली.

“सुट्टे नाहीत. उतरताना घेजो,” बाई म्हणाल्या आणि टण टण केलं.

खाली आल्यावर चहाच्या टपरीवर नोट मोडून त्यांनी वीस रुपये माझ्या हातावर ठेवले.

“फिटलं सारं. आता बूट तुझे झाले. टेकडी नाही.”