विश्राम द्यायचा राहिला

माझ्या थोरल्या साडूंइतका शिस्तीचा माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही. मी हिशेबी माणूस आहे. यातून अतिशयोक्तीचे दोन आणे वजा केले, तरी चौदा आणे खरेच उरतात. पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती नुकत्याच वर येत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. चिंचवडपलीकडे पोलिसांच्या रंगरुटांचं शिबिर होतं आणि साडू तिथे कवायतीचे उस्ताद होते. रविवारी आमच्याकडे जेवायला येत, ते आधी दारातल्या चपला लहानमोठ्या क्रमानं लावून मगच आत येत. गोठ्यात म्हैस तिरकी उभी दिसली तरी त्यांना घास उतरत नसे. शिक्षेचा मात्र त्यांचा स्वतःचा कायदा होता : देणाऱ्यानंही ती सोबत भोगायची. रंगरुटाला बंदूक डोक्यावर धरून मैदानाची फेरी फर्मावली, की हेही त्याच्या शेजारून धावत. आमच्या धाकट्यानं एकदा दूध सांडलं, तेव्हा दोघांनी मिळून बैठका काढल्या. पोरगा उठून खेळायला पळाला. साडूंना मी उठवलं. "भावोजी, शिक्षा पोराला आणि तेल तुमच्या गुडघ्याला?" बायको म्हणाली. त्यावर ते म्हणाले, "आपल्याला घाम न येता दिलेली शिक्षा म्हणजे मस्ती."

अशा माणसाचा एका रविवारी पहिलाच घास हातात थांबला. "विश्राम द्यायचा राहिला!" असं ओरडून ते ताटावरून उठले आणि खरकट्या हातानं सायकलवर बसले. मी मागोमाग दुसऱ्या सायकलवर. वाटेत धापा टाकत त्यांनी सांगितलं ते असं : चाकणकडचा एक रंगरूट कवायतीत सारखा हलायचा. सकाळी त्याला उन्हात सावधान उभं केलं आणि बजावलं, "आता हललास तर गाठोडं बांधायचं आणि घरी जायचं." स्वतः शेजारी उभे राहणार, तोच साहेबांचं बोलावणं आलं; तिथून हे परस्पर आमच्याकडे. आणि तिथली रीत अशी, की ज्यानं सावधान दिलं त्यानंच विश्राम द्यायचा.

पोरगा मैदानात तसाच उभा होता, टाचा जुळवून. कुणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती आणि शिबिराचा आचारी त्याला भाकरीचे घास भरवत होता. "चावल्यानं सावधान मोडत न्हाई, उस्ताद," आचाऱ्यानं घाईघाईनं खुलासा केला.

"विश्राम!" साडूंचा आवाज फाटला. पोरगा मटकन खाली बसला. साडूही त्याच्यासमोर मातीत बसले आणि त्याच्या पोटऱ्या चोळू लागले. "तुला कुणी जा म्हणालं नाही?"

"समदे म्हनाले. पर तुमी न्हाई म्हनला."

"अरे, मी विसरलो होतो. आलोच नसतो तर?"

पोरगा हसला. "आसं कसं? तुमी येनार व्हताच की."

"गाठोडं बांधायचं नाही," साडू पोटऱ्या चोळतच म्हणाले. "उद्या रांगेत ये."

परतताना ऊन उतरू लागलं होतं. दोन्ही सायकलींची चाकं धड होती, तरी ते सायकल हातात धरून चालत राहिले, म्हणून मीही उतरलो. चालता चालता म्हणाले, "हुकूम पाळायला मी शिकवलं हो. पण माझ्यावर एवढा भरवसा ठेवायला कुठं शिकवलं होतं?" नदीवर पोचल्यावर त्यांनी हात धुतला, तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले, अगदी सैल, एका पायावर भार टाकून.